दुखऱ्या कमरेला पेलतील अशी दवाखान्यातली कामे

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा समोर आला आहे. अंगमेहनतीचे काम करताना कंबर दुखावली, आता ते काम होत नाही, तर दवाखान्यात एखादे काम मिळेल का? जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि तालुक्याच्या गावांतही खासगी रुग्णालये उभी राहिली आहेत, त्यामुळे तिकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. सरकारी रुग्णालयांत परिचारिका आणि पुढे परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) म्हणून मी काम केले असल्याने वॉर्डात कोणाच्या अंगावर कोणते काम पडते, हे मला जवळून ठाऊक आहे. आलेल्या पत्रांपैकी तीन येथे घेतली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पत्र पहिले (तालुका यावल)

*सिस्टर, सादर नमस्कार. माझे वय २७ वर्षे असून मी बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झालो आहे. केळी कापून गाडी भरणाऱ्या टोळीत मी काम करत होतो. पावसाळ्यात खांद्यावर घड असताना सरीत पाय घसरून पडलो. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी सरकून डाव्या पायाची नस दबल्याचे आढळले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगितले. चार महिने झाले, पायातील कळ पुष्कळ कमी झाली आहे, परंतु अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बसलो की कंबर धरते. दवाखान्यात भरती असताना मी वॉर्डातील मामा लोकांचे (वॉर्डबॉयचे) काम पाहिले आणि हे आपल्याला जमेल असे वाटले. माझा मामेभाऊ वॉर्डबॉय म्हणून लावून देण्यास तयार आहे. दुसरीकडे एक संस्था ४० हजार रुपयांत सहा महिन्यांचा नर्सिंगचा कोर्स आणि नोकरीची हमी देत आहे. वडील उसनवारी करून पैसे भरू म्हणतात. मी काय करावे?*

भाऊ, तुमचा कामाचा विचार योग्य आहे आणि तो आत्ताच सुरू केलात हेही चांगले केले, कारण घरात पडून राहिलेल्या माणसाची पाठ उशिरा सुधारते. मात्र वॉर्डबॉयचे काम तुम्ही खाटेवर पडून पाहिले आहे. त्या जागेवरून दिसते ते म्हणजे केसपेपर घेऊन जाणे, सलाइनची बाटली संपल्याचे सिस्टरला सांगणे, रुग्णाला खुर्चीवरून एक्सरेला नेणे. जे दिसत नाही, किंवा दिसूनही त्याचे वजन लक्षात येत नाही, ते आधी सांगते.

कक्षसेवकाच्या, म्हणजे वॉर्डबॉयच्या, एका पाळीत बेशुद्ध किंवा अर्धांगवायू झालेल्या रुग्णाला ट्रॉलीवरून खाटेवर आणि खाटेवरून ट्रॉलीवर घ्यावे लागते, अंथरुणावर खाली सरकलेल्या रुग्णाला उशीकडे ओढावे लागते, लिफ्ट बंद असेल तर स्ट्रेचर उतारावरून किंवा जिन्यावरून न्यावे लागते, मोठा ऑक्सिजन सिलिंडर तिरपा करून फिरवत आणावा लागतो आणि मृतदेहही उचलावा लागतो. आपल्याकडील पुष्कळशा रुग्णालयांतील खाटांची उंची कमी-जास्त करता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी वाकूनच उचलावे लागते. साठ किलो वजनाच्या माणसाचा नुसता एक पाय नऊ-दहा किलोंचा भरतो. रुग्णाला हाताने उचलण्याबाबत अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने जी मर्यादा सुचवली आहे ती सुमारे १६ किलोंची आहे, आणि तीदेखील धडधाकट पाठीच्या कर्मचाऱ्यासाठी, रुग्ण सहकार्य करत असताना. तुम्ही वीस-पंचवीस किलोंचे घड वाहिले आहेत, म्हणून हे आकडे तुम्हाला लहान वाटतील. परंतु घड खांद्यावर घेतला की स्थिर राहतो, माणूस राहत नाही; तो घाबरून मध्येच तुमच्या गळ्याला मिठी मारतो, पाय गाळतो, एका बाजूला झुकतो, आणि त्या क्षणी तुमची कंबर वाकलेलीही असते आणि पिळलेलीही. सरकलेल्या गादीला हीच हालचाल सर्वांत घातक असते. जगभर रुग्णसेवेत असणाऱ्या मदतनीसांना आणि परिचारिकांना पाठीच्या दुखापती इतक्या होतात त्याचे कारण हेच आहे. तेव्हा मामेभावाला तूर्त नकार द्या, आणि तो का देत आहात हेही त्याला मोकळेपणाने सांगा, म्हणजे त्याच्या मनात काही राहणार नाही.

आता तुमच्या कमरेविषयी. गादी सरकून नस दबलेल्या बहुतेक रुग्णांचा त्रास सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बराच कमी होतो. तुमच्या बाबतीत कळ ओसरली आहे आणि बसण्याची मर्यादा उरली आहे, म्हणजे सुधारणा चालू आहे, परंतु ती पूर्ण झालेली नाही. या टप्प्यावर भौतिकोपचारतज्ज्ञाकडून (फिजिओथेरपिस्टकडून) व्यायाम शिकून ते रोज करणे आणि दररोज चालण्याचे अंतर थोडेथोडे वाढवणे, यांना पर्याय नाही. गावात कोणी उसण काढण्यासाठी पायाळू माणसाची लाथ मारून घेण्याचा किंवा कंबर चोळून गादी बसवण्याचा सल्ला दिला, तर तो मानू नका; दबलेल्या नसेवर असा जोर पडणे धोक्याचे आहे. पायातील जोर कमी होऊ लागला, चालताना पाऊल लटके पडू लागले, जांघेभोवतीची जागा बधिर झाली, किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. अशा वेळी झालेला उशीर पुढे भरून निघत नाही, म्हणून घरातील सर्वांना ही लक्षणे सांगून ठेवा.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘अर्ध्या तासापेक्षा जास्त बसलो की कंबर धरते’ हे आहे. पाठ दुखावलेल्या माणसाने बसून करायचे काम घ्यावे, असे सगळेच सांगतात. पुढे झुकून बसल्यावर मात्र गादीवरचा दाब उभे असतानाच्या दाबापेक्षा वाढतो, आणि केसपेपरच्या खिडकीवर सोमवारी सकाळी लागलेली रांग कर्मचाऱ्याला दोन-तीन तास हलू देत नाही. म्हणून ‘हलके काम’ या शब्दांवर समाधान मानू नका. त्या कामात सलग किती वेळ बसावे लागते, किती वेळ उभे राहावे लागते, किती वेळा वाकावे लागते आणि एका वेळी किती वजन उचलावे लागते, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही कामाला होकार देऊ नका.

या चार प्रश्नांच्या कसोटीवर मला तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटते ते बाह्यरुग्ण विभागातील मदतनीसाचे काम. नावे पुकारणे, वजन-उंची घेणे, रुग्णाला योग्य खोलीकडे पाठवणे, तपासणीचे कागद क्रमाने लावणे, तपासणीचा अहवाल आणून देणे, असे त्याचे स्वरूप असते. त्यात बसणे, उभे राहणे आणि चालणे आलटून पालटून होते, आणि बऱ्या होत असलेल्या कमरेला तेच मानवते. तालुक्याच्या गावातील दोन-तीन डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यांत अशी माणसे नेहमी हवी असतात, फक्त त्याची जाहिरात कुठे येत नाही. स्वतः जाऊन विचारावे लागते. विचारताना एक गोष्ट ठळकपणे सांगा. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढल्यामुळे तुम्हाला लेवा बोली, अहिराणी, पावरी, तडवी यांपैकी ज्या बोली समजत असतील, त्या सांगा. पाड्यावरून आलेली बाई आपले दुखणे प्रमाण मराठीत सांगू शकत नाही आणि मग तिला प्रत्येक खिडकीवर दुसरीकडे पाठवले जाते. तिचे बोलणे समजून घेणारा माणूस दारातच भेटला तर डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि तिची परवड थांबते. हे कौशल्य कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत, आणि ते तुमच्याजवळ आहे.

नोंदणी, बिल आणि विम्याच्या कागदपत्रांची कामे दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. ते रुग्णाचे शिधापत्रक आणि ओळखपत्र पाहून नोंदणी करतात आणि उपचाराच्या मंजुरीसाठी लागणारी कागदपत्रे पुढे पाठवण्यास मदत करतात. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता, आणि २०१७ पासून तिला आजचे नाव मिळाले. आरोग्यमित्रांच्या पदाची शैक्षणिक अट त्या त्या वेळच्या जाहिरातीत दिलेली असते. खासगी रुग्णालयांतील मेडिक्लेमच्या टेबलावरही याच पद्धतीचे काम चालते. या सगळ्यांसाठी संगणक आणि मराठी टंकलेखन लागते, म्हणून एमएस-सीआयटी आणि टंकलेखनाचा वर्ग हा खर्च तुमच्यासाठी योग्य ठरेल. वर्गातही बसावे लागते, तेव्हा तेथेच तुमची बसण्याची परीक्षा होईल. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून दोन मिनिटे फिरून येण्याची परवानगी शिक्षकांकडून आधीच घ्या.

औषधांच्या दुकानातील मदतनीसाचे आणि रुग्णालयाच्या भांडारातील काम नावावरून हलके वाटते, पण तसे नसते. अर्धा लिटर सलाइनच्या चोवीस बाटल्यांचा खोका बारा किलोंहून जड असतो आणि तो बहुधा जमिनीवरून उचलून माळ्यावर चढवावा लागतो. रुग्णवाहिका चालवण्याचे कामही सध्या नको, कारण गाडीचे सततचे हादरे गादीला त्रास देतात आणि स्ट्रेचर चढवायला चालकाला हात लावावाच लागतो.

आता त्या ४० हजारांच्या कोर्सबद्दल. हा कोर्स करू नका. सहा महिन्यांत कोणीही परिचारिका किंवा परिचारक होत नाही. भारतात मान्यता असलेले नर्सिंगचे शिक्षण म्हणजे एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचे, जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसाविका) तीन वर्षांचे आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. यांपैकी कोणतेही पूर्ण केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीशिवाय परिचारिकेचे काम करता येत नाही. त्या संस्थेत जाऊन एवढेच विचारा की, ‘या प्रमाणपत्रावर माझी नोंदणी परिचर्या परिषदेत होईल का, आणि होणार असेल तर तसे लेखी द्याल का?’ मिळालेल्या उत्तरावरून पुढचे सगळे कळेल. रुग्ण मदतनीसाचे अल्पमुदतीचे काही अभ्यासक्रम कौशल्य विकास योजनांखाली रीतसर चालतात आणि ते वाईट नाहीत. परंतु त्यांत शिकवतात ते रुग्णाला उठवणे, बसवणे, आंघोळ घालणे, कूस बदलणे, म्हणजे तुमच्या कमरेला जे टाळायचे आहे नेमके तेच. नोकरीची हमी हा शब्द तर ज्या जाहिरातीत असेल, तेथे दुप्पट सावध राहावे. दुखण्यात असलेला माणूस आणि त्याचे आई-वडील घाईत असतात, आणि अशा संस्था त्या घाईवरच चालतात. असे घडताना मी पाहिले आहे आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

नर्सिंगची खरोखर ओढ असेल तर तो मार्ग तुमच्यासाठी बंद नाही. बारावी कोणत्याही शाखेतून, इंग्रजी विषयासह आणि किमान ४० टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्याला जीएनएमसाठी अर्ज करता येतो, त्याला मुलेही पात्र असतात, आणि वयाची कमाल मर्यादा ३५ आहे. म्हणजे तुमच्या हाताशी काही वर्षे आहेत. त्या शिक्षणात वॉर्डातील प्रत्यक्ष काम मोठ्या प्रमाणावर असते आणि प्रवेशाच्या वेळी वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त असावे लागते, तेव्हा यंदाऐवजी कंबर पूर्ण बरी झाल्यावर, डॉक्टरांच्या लेखी मतानंतर तो विचार करा. औषधनिर्माणाचा डी.फार्म. किंवा प्रयोगशाळेचा डीएमएलटी यांसाठी मात्र बारावी विज्ञान लागते, त्यामुळे त्यांच्या जाहिरातींवर वेळ घालवू नका.

राहिला प्रवासाचा प्रश्न. यावलहून जळगावला किंवा भुसावळला रोज मोटारसायकलने जाण्याचा विचार असेल, तर रस्त्यावरील खड्ड्यांचे हादरे हा त्या नोकरीचाच भाग समजा. त्यापेक्षा यावल, फैजपूर, सावदा येथील दवाखान्यात कमी पगाराचे काम मिळाले तरी पहिले सहा महिने तेच पत्करा. रात्रपाळी लगेच स्वीकारू नका, कारण झोप बिघडली की दुखणे सहन करण्याची ताकदही कमी होते.

काम मागताना दुखापत लपवू नका. ती लपवून लागलेला माणूस पहिल्याच आठवड्यात स्ट्रेचरला हात लावतो, कारण नाही म्हणण्याचे कारण त्याने आधीच दडवलेले असते. डॉक्टरांकडून ‘हलके काम करू शकतो’ एवढेच मोघम न लिहून घेता, किती किलोंपर्यंत उचलण्यास हरकत नाही, सलग किती वेळ बसण्यास आणि उभे राहण्यास हरकत नाही, आणि ही मर्यादा कोणत्या तारखेला पुन्हा तपासायची, एवढे स्पष्ट लिहून घ्या. दवाखान्यात कोणतेही काम लागले तरी हिपॅटायटिस-बीची लस घेण्याचा आग्रह धरा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कर्मचाऱ्यांना ही आणि धनुर्वाताची लस देणे आणि कचरा हाताळण्याचे प्रशिक्षण देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे.

पत्र दुसरे (तालुका शहादा)

*आदरणीय ताई, मी ३४ वर्षांची असून बारावी झाले आहे. मोटारसायकलवरून पडल्यामुळे माझ्या पाठीच्या मणक्याला दबून फ्रॅक्चर झाले होते. आता हाड जुळले आहे आणि पट्टा काढला आहे. धुळ्यातील एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजींना सांभाळण्याचे काम एका एजन्सीमार्फत मिळत आहे. चोवीस तास तेथेच राहायचे आहे. काही जण एएनएम करण्याचा सल्ला देतात. मुलगी लहान आहे, घरात मिळवती मीच आहे.*

ताई, मिळवत्या तुम्ही एकट्याच आहात हे वाक्य वाचून मी तुमचे पत्र सर्वांत आधी बाजूला काढून ठेवले होते. तुमच्या हातात काम लवकर यायला हवे, हे खरेच आहे. तरीही आजींना सांभाळण्याचे हे काम, जसे सांगितले आहे तसे, घेऊ नका. रुग्णालयात निदान दुसऱ्या माणसाला हाक मारता येते. घरी रुग्णाजवळ तुम्ही एकट्या असणार, पलंग ठेंगणा आणि भिंतीला लागून असणार, आणि दर दोन तासांनी कूस बदलणे, चादर काढणे, शौचाला बसवणे हे सगळे एकट्या कमरेवर पडणार. चोवीस तास राहायचे म्हणजे रात्रीही उठायचे. नुकत्याच जुळलेल्या मणक्याला हे झेपणार नाही, आणि तुम्ही अंथरुणाला लागलात तर मुलीचे कोण पाहणार?

परंतु घरी जाऊन करायची सगळीच कामे अशी नसतात. स्वतःच्या पायांनी चालणाऱ्या, फक्त सोबत, वेळेवर औषधे, जेवण आणि दवाखान्यात घेऊन जाणे एवढी गरज असलेल्या वृद्धांनाही माणसे हवी असतात. एजन्सीला फोनवरच विचारा की रुग्ण स्वतः उभा राहतो का, संडासापर्यंत चालत जातो का, त्याचे अंदाजे वजन किती आहे, घरात मदतीला दुसरे मोठे माणूस असते का, आणि काम दिवसाचे आहे की राहण्याचे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली तर पुढे बोलणे वाढवू नका. कोणाला उठवण्याची वेळ आलीच, तर काखेत हात घालून ओढू नका. त्याला आधी कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा, त्याच्याच हाताने त्याला रेटा देऊ द्या आणि तुम्ही गुडघे वाकवून जवळ उभ्या राहा. अंथरुणावर वर सरकवायचे असेल तर खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी सरकवा, उचलू नका.

एएनएमबाबत तुमच्यापुढे खरी अडचण वयाची आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत प्रवेशाचे वय १७ ते ३५ आहे, त्यामुळे तुमच्याकडे वेळ थोडा आहे आणि घाईने अर्ज भरण्याचा मोह होणारच. हा मोह मी समजू शकते. परंतु आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाऊन नवा एक्सरे दाखवा, दोन वर्षांच्या प्रशिक्षणात वॉर्डात आणि गावोगाव फिरण्याचे काम असते हे त्यांना सांगा, आणि त्यांचे मत लेखी घ्या. त्यांनी होकार दिला तर यंदाच अर्ज करा. बारावी कला शाखेची असली तरी चालते. हे मी आग्रहाने लिहिते, कारण एएनएम झालेल्या बाईला उपकेंद्रात जे काम असते त्यात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, नोंदवह्या आणि गृहभेटी यांचा भाग मोठा असतो, रुग्ण उचलण्याचा भाग रुग्णालयापेक्षा पुष्कळ कमी असतो. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात पाड्यांची भाषा जाणणाऱ्या बाईची गरज मोठी आहे. चढण मात्र तेथे भरपूर आहे, तेव्हा नेमणुकीच्या वेळी गाव पाहूनच होकार द्या.

तोवर मिळकतीसाठी तुमच्या गावात आशा स्वयंसेविकेची जागा रिकामी आहे का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. आशा त्याच गावची रहिवासी असावी लागते, साधारण १,००० लोकसंख्येमागे एक असते, आणि तिला वेतनाऐवजी मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. त्या मोबदल्यावर घर चालणे कठीण आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. परंतु ते काम चालत करायचे आहे, गावात राहून करायचे आहे, मुलगी नजरेसमोर राहते, आणि पुढे आरोग्य खात्यात जायचे असेल तर गावातील प्रत्येक घराची ओळख होते.

पत्र तिसरे (जळगाव)

*मी औद्योगिक वसाहतीतील चटईच्या कारखान्यात काम करतो. गुंडाळी उचलताना पाठीत चमक भरली आणि तेव्हापासून कर्मचारी राज्य विमा योजनेच्या रजेवर आहे. सुपरवायझरने अपघात न लिहिता आजारपणाची रजा घ्यायला लावली. आता एका ओळखीच्या दवाखान्यात संध्याकाळी रिसेप्शनवर पगारी बसण्याचे विचारत आहेत. बसू का?*

भाऊ, रजेचा लाभ चालू असताना पगारी काम करू नका. ज्या दिवसाचा आजारपणाचा लाभ घेतला त्या दिवशी मोबदल्याचे काम करता येत नाही, आणि तसे आढळल्यास लाभ थांबतो, शिवाय वसुलीही होऊ शकते. काम कसे असते ते नुसते पाहण्यासाठी जायचे असेल, तरी विम्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांना विचारूनच जा. लाभ घेत असताना उपचार चालू ठेवणे आणि प्रकृतीला अपाय होईल असे काही न करणे ही तुमच्यावरील अट आहे.

तुमच्या पत्रातील अधिक गंभीर गोष्ट दुसरीच आहे आणि तुम्ही ती एका वाक्यात उरकली आहे. कारखान्यात काम करताना इजा झाली असेल, तर ते आजारपण नसून कामावरील इजा आहे. आजारपणाच्या लाभात सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते आणि ती वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावरील इजेमुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वात ९० टक्के मिळते, आणि अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस असमर्थता असेल तर ती असमर्थता टिकेपर्यंत मिळते. पुढे कायमचे काही राहिले, तर कमाईची क्षमता किती घटली हे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्यानुसार आयुष्यभर लाभ मिळू शकतो. अपघाताची नोंदच नसेल तर यातले काहीच मागता येणार नाही. लाभ घेत असलेल्या काळात मालकाला तुम्हाला कामावरून काढता येत नाही, म्हणून बोलण्यास भिऊ नका.

इजा कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्राजवळ आणि कोणासमोर झाली, हे आजच एका कागदावर लिहा. ते पत्र कारखान्याच्या कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देण्यास नकार दिला तर नोंदणीकृत टपालाने पाठवा. त्याची प्रत, पहिल्या दिवशीचा केसपेपर आणि सोबत असलेल्या दोन कामगारांची नावे घेऊन विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात जा आणि हे प्रकरण कामावरील इजा म्हणून नोंदवण्याचा अर्ज करा. पहिल्या केसपेपरवर ‘वजन उचलताना’ असे शब्द असतील तर तो कागद जिवापाड जपा. तसे शब्द नसतील, तर ज्या डॉक्टरांनी प्रथम तपासले त्यांना भेटून त्या वेळी तुम्ही काय सांगितले होते ते त्यांच्या नोंदवहीत आहे का, हे या आठवड्यातच विचारून घ्या. रिसेप्शनच्या कामासाठी त्या दवाखान्याला रजा संपेपर्यंत थांबण्याची विनंती करा, आणि रजा संपल्यावर डॉक्टरांच्या तंदुरुस्तीच्या दाखल्यासह, पहिल्या पत्राच्या उत्तरात दिलेले चार प्रश्न विचारूनच तेथे रुजू व्हा.